मुलाच्या मेंदूची भाषा वाचणारा वैद्य : अलेक्झांडर लुरिया

शाळेत सतत मागे पडणाऱ्या मुलाची मानसशास्त्रीय चाचणी होते, बुद्ध्यंक काढला जातो आणि पुष्कळदा त्या एका आकड्यावर त्याची शाळा, वर्ग व भवितव्य ठरून जाते. त्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत हे मूल किती मागे आहे, हे आकड्यावरून कळते. ते का मागे आहे आणि योग्य आधार मिळाल्यास कुठवर जाऊ शकेल, याचे उत्तर मात्र त्यात नसते. हे उत्तर शोधण्याची पद्धत ज्यांनी विसाव्या शतकात घडवली, त्यांत रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर रोमानोविच लुरिया यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मेंदू आणि मन यांच्या संबंधाचा वैद्यकीय अभ्यास करणाऱ्या आधुनिक चेतामानसशास्त्राचे, म्हणजेच न्यूरोसायकॉलॉजीचे, ते एक संस्थापक मानले जातात. १६ जुलै ही त्यांची जयंती.

लुरिया यांचा जन्म १९०२ मध्ये व्होल्गा नदीच्या परिसरातील कझान या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील रोमान लुरिया हे पोटाच्या विकारांचे नामांकित वैद्य व प्राध्यापक होते, तर आई दंतवैद्य होती. मुलाने वैद्यकाकडे वळावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र समाजशास्त्रे आणि मानसशास्त्राकडे होता. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियातील विद्यापीठांची घडी विस्कटली होती. जुने अभ्यासक्रम बंद पडले होते आणि नवे आकारास येत होते. अशा काळात लुरिया कझान विद्यापीठात दाखल झाले आणि १९२१ मध्ये, एकोणीस वर्षांचे होण्यापूर्वी वा त्या सुमारास, पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी कझानमध्ये मनोविश्लेषण मंडळ स्थापन केले आणि थेट सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला.

१९२३ मध्ये ते मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत रुजू झाले. मनातील सुप्त संघर्ष बाहेरून मोजता यावा, यासाठी त्यांनी तेथे एक युक्ती योजली. समोरच्या व्यक्तीला एकेक शब्द ऐकवायचा, त्यावर सुचेल तो शब्द तिने उच्चारायचा आणि त्याच क्षणी हातातील उपकरण दाबायचे. शब्द मनाला झोंबणारा असला की हाताची हालचाल अडखळे, थरथरे, आणि त्या थरथरीची नोंद कागदावर उमटे. असत्य शोधण्याच्या पुढील काळातील यंत्रांशी या पद्धतीचे नाते सांगितले जाते. या संशोधनावरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून प्रसिद्ध झाला आणि तरुण वयातच त्यांचे नाव देशाबाहेर पोहोचले. बोलणे आणि हाताची हालचाल एकत्र तपासण्याची ही कल्पना पुढे पंचवीस वर्षांनी मुलांच्या तपासणीत त्यांच्या उपयोगी पडणार होती.

लुरिया यांच्या विचाराला खरी दिशा मिळाली ती जानेवारी १९२४ मध्ये. त्या महिन्यात पेट्रोग्राड येथे, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात, मानसशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. गोमेल या छोट्या गावातून आलेल्या लेव्ह व्हिगोत्स्की नावाच्या सत्तावीस वर्षांच्या शिक्षकाने तेथे भाषण केले. हातात कागद असूनही वक्ता त्याकडे फारसा पाहत नव्हता. तो कागद कोराच होता, हे लुरिया यांना नंतर कळले. व्हिगोत्स्की यांना मॉस्कोस आणण्याच्या प्रयत्नांत लुरिया यांनी पुढाकार घेतला. अलेक्सेई लिओन्त्येव यांच्यासह या तिघांनी मानसशास्त्राची नव्याने मांडणी करण्याचे काम हाती घेतले.

व्हिगोत्स्की यांची भूमिका थोडक्यात अशी होती. माणसाचे स्मरण, लक्ष, विचार आणि स्वतःवरील नियंत्रण या गोष्टी जन्मतः तयार नसतात. मूल मोठ्यांच्या सहवासात भाषा, खुणा व साधने आत्मसात करते आणि त्यांच्या आधाराने या शक्ती घडत जातात. आधी आई मुलाला थांब म्हणते, मग मूल स्वतःलाच मोठ्याने थांब म्हणते आणि अखेरीस तो शब्द त्याच्या मनात विरघळतो. ही भूमिका मान्य केली की मुलांच्या परीक्षेची रीतही बदलते. व्हिगोत्स्की यांनी त्यासाठी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. दहा वर्षांच्या दोन मुलांचे मानसिक वय चाचणीत आठ वर्षे भरले. मग परीक्षकाने थोडी मदत दिली. त्यावर एका मुलाने बारा वर्षांच्या मुलाची, तर दुसऱ्याने नऊ वर्षांच्या मुलाची उदाहरणे सोडवली. एकच आकडा लाभलेली ही दोन मुले प्रत्यक्षात किती भिन्न होती, हे मदत देऊन पाहिल्याखेरीज समजले नसते.

मेंदूच्या आजारातही हेच सूत्र लागू पडते का, हे लुरिया व व्हिगोत्स्की यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर तपासले. सपाट जमिनीवर ज्यांना दोन पावलेही टाकता येत नव्हती, अशा रुग्णांपुढे कागदाचे तुकडे अंतराअंतराने ठेवण्यात आले. प्रत्येक तुकडा ओलांडायचा आहे असे सांगताच ते रुग्ण चालू लागले. आपोआप चालण्याची मेंदूतील वाट बंद पडली होती, परंतु खूण पाहून पाऊल उचलण्याची वाट शाबूत होती. एक वाट बंद झाल्यास दुसऱ्या वाटेने तेच कार्य साधता येते, हा लुरिया यांच्या पुढील सर्व उपचारांचा पाया ठरला.

१९३१ आणि १९३२ मध्ये त्यांनी मध्य आशियात संशोधन मोहिमा नेल्या. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांची विचारपद्धती शिक्षणाने कशी बदलते, हा त्यांचा विषय होता. मात्र या अभ्यासातून अल्पसंख्य समाजांचा अवमान होतो, असा ठपका मॉस्कोत ठेवण्यात आला आणि निष्कर्षांचे पुस्तक प्रसिद्ध व्हायला १९७४ साल उजाडले. १९३४ मध्ये व्हिगोत्स्की क्षयाने वारले. त्यांचे वय अवघे सदतीस होते.

त्याच सुमारास लुरिया मॉस्कोच्या वैद्यकीय आनुवंशिकी संस्थेत जुळ्या मुलांचा अभ्यास करीत होते. मुलाच्या मनाच्या जडणघडणीत आनुवंशिकतेचा वाटा किती आणि शिकवण्याचा किती, हे ताडून पाहण्याची ती उत्तम संधी होती. एका प्रयोगात जुळ्यांपैकी एकाला ठोकळ्यांचा असा नमुना दिला जाई, ज्यात प्रत्येक ठोकळा सुटा दिसत असे. दुसऱ्याला कागदाने मढवलेला नमुना मिळे आणि आतील ठोकळ्यांची मांडणी त्याला स्वतःच्या विचाराने शोधावी लागे. दुसऱ्या गटातील मुले नवी रचना करण्यात सरस ठरली आणि काही महिन्यांनंतरही हा फरक टिकून राहिला. दोघांची जन्मजात देणगी सारखीच होती. शिकवण्याची रीत तेवढी वेगळी होती.

हे काम फार काळ चालू शकले नाही. ४ जुलै १९३६ रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने बालकांच्या अभ्यासाचे पेडॉलॉजी हे शास्त्रच निषिद्ध ठरवले. शाळांमध्ये सरसकट बुद्धिचाचण्या घेऊन असंख्य मुलांना विशेष शाळांत टाकले जात असल्याची तक्रार त्यामागे होती. तक्रारीत तथ्य होते. चाचणीच्या आकड्यावर विसंबण्यास व्हिगोत्स्की यांचाही विरोधच होता. परंतु आदेशाचा आसूड त्यांच्यावर व त्यांच्या सहकाऱ्यांवरही पडला आणि त्यांची पुस्तके वाचनालयांतून बाजूला गेली. आनुवंशिकी संस्थाही लवकरच बंद झाली. तिचे संचालक सोलोमन लेव्हित यांना अटक करण्यात आली आणि १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

अशा वातावरणात लुरिया यांनी वडिलांची जुनी इच्छा पुरी केली. परदेशात ख्याती मिळवलेला हा प्राध्यापक पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला आणि १९३७ मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. त्यानंतर निकोलाय बुर्देन्को यांच्या मेंदू शस्त्रक्रिया संस्थेत त्यांनी रुग्णांच्या खाटेजवळ बसून शिकण्यास प्रारंभ केला. मनाच्या अभ्यासकाला मेंदूचे शरीरशास्त्र अवगत असलेच पाहिजे, ही त्यांची धारणा येथे पक्की झाली.

१९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. लुरिया यांच्यावर दक्षिण उरल भागातील किसेगाच येथे ४०० खाटांचे रुग्णालय उभारण्याची जबाबदारी आली. डोक्यात गोळ्या व बॉम्बचे तुकडे घुसलेले शेकडो तरुण सैनिक तेथे येत. कोणाची वाचा गेलेली, कोणाला लिहिता येत नसे, कोणाला डावे-उजवे उमगत नसे. प्रत्येकाच्या मेंदूचा नेमका कोणता भाग दुखावला आहे आणि त्यामुळे कोणती क्षमता नेमकी कुठे तुटली आहे, याची लुरिया यांनी बारकाईने नोंद ठेवली आणि प्रत्येकासाठी पुन्हा शिकण्याचा स्वतंत्र मार्ग आखला. वाचाघातावरील त्यांचा १९४७ चा ग्रंथ या अनुभवातून आला.

रुग्णालयातील या कामातून मेंदूविषयीचा एक मूलभूत सिद्धांत दृढ झाला. वाचन, लेखन वा गणित यांपैकी कोणतेही काम मेंदूच्या एकाच कोपऱ्यात वसलेले नसते. अनेक भाग आपापला हिस्सा उचलतात आणि त्यांच्या जुळणीतून ते काम पार पडते. त्यामुळे मुलाला लिहिता येत नाही, एवढे म्हणणे अपुरे ठरते. एखाद्याला ध्वनींतील सूक्ष्म भेद ऐकू येत नसेल, दुसऱ्याला अक्षराचा आकार अवकाशात नीट मांडता येत नसेल, तिसऱ्याच्या बोटांना हालचालींचा क्रम साधत नसेल, तर चौथ्याचे लक्ष वाक्य पूर्ण होण्याआधीच उडून जात असेल. चौघांच्या वहीत चुकाच दिसतील. उपाय मात्र चार निरनिराळे असतील.

यालाच जोडून व्हिगोत्स्की यांचे एक निरीक्षण लुरिया यांनी पुढे नेले. मेंदूच्या एकाच जागी झालेल्या इजेचे परिणाम मुलात आणि प्रौढात सारखे नसतात. प्रौढाच्या मेंदूत वरच्या पातळीवरील केंद्रे खालच्या केंद्रांना चालवतात. त्यामुळे खालच्या केंद्रास इजा झाली तरी वरची केंद्रे काही प्रमाणात सावरून घेतात. बालपणी उभारणी खालून वर चाललेली असते. पाहणे, ऐकणे यांसारख्या प्राथमिक केंद्रांतील लहानशी उणीवही वरच्या क्षमतांचा पाया कच्चा ठेवते. ऐकण्यातला दोष वेळेवर ध्यानात आला नाही तर बोलणे खुंटते, बोलणे खुंटले की विचाराची साधने तोकडी पडतात आणि मग ते मूल मंदबुद्धीचे समजले जाते. म्हणूनच मूळ दोष कोणता आणि त्यातून उद्भवलेले दोष कोणते, हे वेगळे करणे बालकांच्या तपासणीत सर्वांत महत्त्वाचे ठरते.

युद्धानंतर पुन्हा एकदा राजकारण आडवे आले. १९५० मध्ये शरीरक्रियाविज्ञान व मानसशास्त्र यांवर इव्हान पावलॉव्ह यांच्या सिद्धांताची अधिकृत चौकट लादण्यात आली. लुरिया यांना बुर्देन्को संस्था सोडावी लागली. त्यांना थारा मिळाला तो मॉस्कोच्या दोषविज्ञान संस्थेत, जेथे बौद्धिक वा शारीरिक अक्षमता असलेल्या मुलांवर संशोधन होत असे. लुरिया यांनी तेथे पावलॉव्ह यांची परिभाषा वापरली, परंतु प्रश्न व्हिगोत्स्की यांचेच विचारले. पन्नासच्या दशकातील बहुतेक वर्षे त्यांनी या मुलांसाठी दिली.

येथे जुना प्रयोग नव्या रूपात पुढे आला. मुलाच्या हाती रबरी फुगा द्यायचा आणि दिवा लागला की तो दाबायला सांगायचे. दोन वर्षांच्या सुमारास मूल ही सूचना ऐकताच, दिव्याची वाट न पाहता, फुगा दाबू लागते; शब्द कृती सुरू करतो, पण आवरू शकत नाही. तीन-चार वर्षांचे मूल दिवा लागताच स्वतः मोठ्याने दाब म्हणत असेल, तर त्याचा हात नेमका चालतो. मात्र दाबू नको असे त्याला म्हणायला लावले, तर शब्द उच्चारण्याच्या जोरासरशी ते फुगा दाबूनच टाकते. पाच वर्षांच्या आसपास शब्दाचा अर्थ हातावर ताबा मिळवतो आणि पुढे मोठ्याने बोलण्याचीही गरज उरत नाही. इतर देशांतील काही संशोधकांना हे टप्पे जसेच्या तसे आढळले नाहीत आणि त्यावर पुष्कळ वादही झाले. भाषा व आत्मनियंत्रण यांचे नाते बालविकासाच्या अभ्यासात केंद्रस्थानी आले, ते मात्र या प्रयोगांमुळे.

या साध्या फुग्याने एक मोठे व्यावहारिक काम केले. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांत दोन निराळे गट लुरिया यांना आढळले. काहींच्या मेंदूचा विकासच मर्यादित राहिला होता. काही मुले मात्र आजारपण वा इजेनंतर लवकर थकणारी, चंचल किंवा अतिमंद हालचालींची झाली होती. त्यांची समज शाबूत होती. वर्गात दोघेही सारखेच दिसत आणि एकाच पंक्तीत बसवले जात. प्रयोगात कृतीसोबत स्वतःला मोठ्याने आज्ञा देण्यास सांगितल्यावर दुसऱ्या गटातील मुलांच्या चुका झपाट्याने कमी होत, कारण त्यांची वाणी हाताच्या मदतीस येत असे. पहिल्या गटात वाणीही तितकीच अडखळणारी असल्याने तो आधार मिळत नसे. कोणत्या मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे आणि कोणाला विश्रांती, धीमी गती व थोडा आधार देऊन सर्वसाधारण वर्गात ठेवता येईल, याचा निर्णय या भेदावर अवलंबून होता. चुकीच्या वर्गात गेलेल्या मुलासाठी तो आयुष्याचा प्रश्न होता.

पाच वर्षांच्या जुळ्या भावांवरील त्यांचा अभ्यासही याच काळात प्रसिद्ध झाला. हे दोघे आपापसांत स्वतःच्याच तुटक भाषेत बोलत. इतरांशी बोलण्याची त्यांना निकड वाटत नसे आणि त्यांचा खेळही ठरावीक कृतींपुरता राहिला होता. लुरिया व त्यांच्या सहकारी यूदोविच यांनी दोघांना बालवाडीच्या वेगवेगळ्या गटांत ठेवले; त्यांपैकी एकाला बोलण्याचे खास शिक्षणही दिले. तीन महिन्यांत दोघांचे बोलणे सुधारले, आणि बोलण्याबरोबर खेळही बदलला. मुले आधी बेत ठरवू लागली आणि मग त्याप्रमाणे खेळू लागली. खास शिक्षण मिळालेला भाऊ काही बाबतींत पुढे गेला.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लुरिया बुर्देन्को संस्थेत परतले. १९६२ मध्ये मेंदूच्या उच्च कार्यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ आला. १९७३ मध्ये आलेल्या ग्रंथात त्यांनी मेंदूचे तीन कार्यघटक सांगितले : जागृती व सावधपणा राखणारा, बाहेरची माहिती घेऊन तिची मांडणी करणारा आणि योजना आखून कृतीवर देखरेख करणारा. यांतील तिसरा घटक प्रामुख्याने कपाळामागील भागात असतो आणि तो सर्वांत उशिरा परिपक्व होतो. लहान मुलाला स्वतःला आवरणे अवघड का जाते, याचे एक उत्तर या क्रमात आहे. मूठ, तळहाताची कड आणि उघडा तळवा एकापाठोपाठ टेबलावर ठेवायला सांगण्याची त्यांची साधी चाचणी मेंदूविकाराचे डॉक्टर आजही वापरतात.

शास्त्रीय लेखनाबरोबरच त्यांनी रुग्णांची सविस्तर चरित्रेही लिहिली. अमर्याद स्मरणशक्तीमुळे त्रस्त झालेला एक माणूस आणि डोक्यात गोळी लागल्यानंतर अक्षरन् अक्षर जुळवत आपली कहाणी लिहिणारा एक सैनिक यांच्यावरील पुस्तके जगभर वाचली गेली. ऑलिव्हर सॅक्स यांच्यासारख्या वैद्य-लेखकाने लुरिया यांचे ऋण मान्य केले आहे. १४ ऑगस्ट १९७७ रोजी मॉस्को येथे हृदयविकाराने लुरिया यांचे निधन झाले.

त्यांच्या वारशाची वाटचाल सरळ झाली नाही. अमेरिकेत त्यांच्या तपासण्यांना प्रमाणित चाचणीसंचाचे रूप देण्यात आले, तेव्हा आकड्यांच्या चौकटीत मूळ दृष्टी हरवल्याची टीका झाली. पुढे फिनलंडमध्ये मारिट कोर्कमन यांनी त्यांच्या विचारावर आधारलेली खास मुलांची तपासणी तयार केली आणि ती अनेक देशांत पोहोचली. या वारशात भारतीय नावही आहे. ओडिशात जन्मलेले आणि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात काम केलेले मानसशास्त्रज्ञ जगन्नाथ प्रसाद दास यांनी लुरिया यांच्या तीन घटकांवरून योजन, अवधान, एकत्रित प्रक्रिया व क्रमिक प्रक्रिया असा बुद्धीचा सिद्धांत मांडला. जॅक नॅग्लिएरी यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये त्यावर आधारित चाचणी प्रसिद्ध केली. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनेही भारतीय मुलांसाठी स्वतंत्र चेतामानसशास्त्रीय चाचणीसंच विकसित केला आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांच्यासोबत विशिष्ट अध्ययन अक्षमतेलाही मान्यता दिली. त्यामुळे सवलती व आरक्षण यांसाठी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्रासाठी आकडा लागतो. व्यवस्थेची ती गरज आहे. पालकांच्या व शिक्षकांच्या हाती पडणाऱ्या अहवालात मात्र त्या आकड्याखाली आणखी काही ओळी असाव्यात, अशी लुरिया यांची अपेक्षा राहिली असती : मुलाचे कोणते पाऊल अडते, कोणत्या आधाराने ते पुढे पडते आणि उद्या वर्गात त्याला काय देऊन पाहावे.